मुरंब्याहून नालंदापर्यंत

गेल्या काही भागांत आपण शेळीपालन, गटाचं ऑडिट, बँकेचं कर्ज असल्या विषयांवर बोललो. आज मी एका माणसाच्या कामाविषयी बोलणार आहे. डॉ. विजय भटकर. नाव ऐकलं असेल. शाळेच्या पुस्तकात, सामान्यज्ञानाच्या परीक्षेत येतं. भारताचा पहिला महासंगणक बनवणारे. बहुतेकींना तेवढंच माहीत असतं, आणि प्रश्नाचं उत्तर लिहून मार्क मिळाले की विषय संपतो.

बचतगटाच्या कार्यक्रमात महासंगणक कशाला, असं वाटेल. सांगते. निकाल लागलेत. दहावीचा लागला, बारावीचा लागला. आणि याच पंधरवड्यात घरात दुसराही खर्च उभा आहे. कपाशीचं बियाणं, खत, मजुरी. एकाच डब्यातल्या पैशातून दोन्ही भागवायचं असतं. अशा वेळी काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. मुलाची फी निघते, मुलीचं "बघू पुढच्या वर्षी" होतं. आणि पुढच्या वर्षी बघायला येतात ते पाहुणे. म्हणून हे बोलणं आत्ताच करायचं.

भटकरांचा जन्म ११ ऑक्टोबर १९४६ चा. गाव मुरंबा, तालुका मूर्तिजापूर, जिल्हा अकोला. आपल्या पाचोऱ्याच्या फलाटावरून नागपूरकडे जाणारी गाडी धरली की भुसावळ, अकोला करत त्याच रुळावर मूर्तिजापूर लागतं. आपल्याकडे जशी जामनेरला जाणारी पीजे होती, तशी तिकडे शकुंतला होती, छोट्या रुळांची. दोन्हीकडे काळी जमीन, दोन्हीकडे कापूस. म्हणजे हा माणूस आपल्यासारख्याच मुलखातला. पुण्या-मुंबईच्या पेठेतून आलेला नाही.

शिक्षणाचा हिशोब थोडक्यात. १९६५ साली नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी. वय मोजून बघा, एकोणीसही पूर्ण व्हायचं होतं किंवा नुकतंच झालं होतं. १९६८ ला बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातून पदव्युत्तर, १९७२ ला दिल्लीच्या आयआयटीतून पीएच.डी. पुढे सरकारी संशोधनात, मग १९८० ते १९८७ तिरुवनंतपुरमला इलेक्ट्रॉनिक्सच्या संशोधन केंद्राचे संचालक. केरळात सात वर्षं. भाषा वेगळी, जेवण वेगळं. आपल्याकडे मुलीला जळगावला ठेवायचं म्हटलं तर घरात तीन दिवस कोणी नीट जेवत नाही.

आता महासंगणकाकडे येते. हा भाग जरा सावकाश सांगते, कारण यात आपल्या कामाचं काही आहे.

ऐंशीच्या दशकात मोठमोठी गणितं करणारे संगणक अमेरिकेत बनत. क्रे नावाची कंपनी त्यासाठी प्रसिद्ध होती. असा संगणक लागतो कशाला? सगळ्यात मोठं कारण पाऊस. मान्सूनचा अंदाज काढायचा तर समुद्राचं तापमान, वारा, हवेचा दाब, बाष्प असे लाखो आकडे एकाच वेळी फिरवावे लागतात. उद्याचा अंदाज काढायला संगणकाला चार दिवस लागले तर त्याचा उपयोग काय? भारताने मागणी केली. अमेरिकेने हवामानखात्यासाठी एक क्रे दिला, तोही अटींवर. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला त्याहून ताकदीचा हवा होता, तो दिला नाही. त्यांना भीती होती की आपण तो अस्त्रांसाठी वापरू. पैसे देऊनही वस्तू मिळत नाही, हा अनुभव बायकांना नवा नाही. गट नव्हते तेव्हा बँकेच्या पायरीवर आपल्याला हेच ऐकायला मिळायचं, फक्त शब्द वेगळे होते. नवऱ्याला घेऊन या, सातबारा आणा.

तेव्हा राजीव गांधी पंतप्रधान होते. १९८८ मध्ये पुण्यात एक संस्था उभी केली, सी-डॅक, म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्र. भटकर तिचे प्रमुख. मुदत तीन वर्षं, पैसा साधारण ३० कोटी. महासंगणक आपला आपण बनवायचा.

आता क्रेची पद्धत अशी होती की एक किंवा मोजके, पण अतिशय वेगवान आणि अतिशय महाग मेंदू. समजा गावात एकच सावकार आहे आणि त्याच्याकडे सगळा पैसा आहे. आपल्याला तसला मेंदू बनवता येत नव्हता आणि कोणी विकत नव्हतं. मग सी-डॅकच्या लोकांनी दुसरी वाट धरली. बाजारात मिळणारे लहान मेंदू घ्यायचे, चौसष्ट घ्यायचे, एकमेकांना जोडायचे आणि काम वाटून द्यायचं. ट्रान्सप्युटर नावाचे हे तुकडे ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे होते. म्हणजे सुटा भाग परदेशी होता, हे लपवायचं कारण नाही. कल्पनाही जगात अगदी नवी नव्हती. इतर देशांतही तिच्यावर प्रयोग चालू होते. पण ते चौसष्ट एका कामाला लावणं, कोणाला किती काम द्यायचं, कोणी कोणाला काय निरोप द्यायचा, हे सगळं इथल्या लोकांनी बांधलं.

हे मी जेव्हा पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा मला हसू आलं. अगं, हा तर बचतगट! एकटीचे महिन्याचे शंभर रुपये कोणी मोजत नाही. दहाजणींचे एकत्र आले की बँकेचा साहेब खुर्ची देतो.

पण नुसतं एकत्र बसवून काम होत नाही, तेही आपल्याला माहीत आहे. पापडाचं घ्या. एकजण पीठ मळते, एकजण लाट्या करते, चौघी लाटतात, दोघी उन्हात घालतात. लाटणाऱ्या चारच्या आठ केल्या आणि लाट्या करणारी एकच राहिली तर आठजणी हातावर हात धरून बसतात. चौसष्ट मेंदूंचंही असंच होतं. एकाचं काम दुसऱ्यावाचून अडलं की सगळे थांबतात. शिवाय काही कामं वाटताच येत नाहीत. वरण शिजायला दहाजणी चुलीपुढे बसल्या म्हणून ते दहापट लवकर शिजत नाही. हवामानाचं काम मात्र वाटता येतं. नकाशाचे चौकोन करायचे, एकेक चौकोन एकेकाला द्यायचा, आणि शेजारच्या चौकोनात वारा कुठे चालला ते एकमेकांना विचारत राहायचं. म्हणून ही पद्धत त्या कामाला जमली.

१९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. सेकंदाला एक अब्ज, म्हणजे शंभर कोटी आकडेमोडी करण्याची त्याची क्षमता होती. आज आपल्या हातातला साधा स्मार्टफोन त्याच्या पुढे गेलाय, पण तो काळ लक्षात घ्या; १९९१ ला पाचोऱ्यात फोन लावायला एसटीडीच्या खोपट्यात रांग लागायची. पुढे परम परदेशातही गेला, रशिया, जर्मनीसारख्या देशांत. १९९८ ला 'परम १००००' आला, पहिल्याच्या शंभरपट वेगाचा. नाव अजून चालू आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये 'परम रुद्र' नावाचे तीन महासंगणक सुरू झाले, आणि त्याच दिवशी हवामानासाठी आणखी दोन, त्यातला 'अर्का' पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत आहे. आपण मोबाईलवर बघतो ना, अमुक दिवशी पाऊस, पेरणीची घाई करू नका, त्यामागे असली यंत्रं रात्रंदिवस चालू असतात. अंदाज चुकतो तेव्हा आपण शिव्या देतो, द्याव्याच. दुबार पेरणीचा खर्च तो संगणक भरत नाही. पण तीस-पस्तीस वर्षांपूर्वी तेवढाही आधार नव्हता.

आणखी एक काम सी-डॅकचं आहे, आणि माझ्या मते आपल्यासाठी ते परमपेक्षा मोठं आहे. सुरुवातीला संगणकाला फक्त इंग्रजी यायचं. 'क्ष' म्हणजे काय, 'र्‍य' कसा जोडायचा, मात्रा वर कशी बसवायची, त्याला काही कळत नव्हतं. यावर कानपूरच्या आयआयटीत काम सुरू झालं आणि पुढे ते सी-डॅकमध्ये वाढलं. त्याला जिस्ट म्हणतात. संगणकात एक कार्ड बसवलं की पडद्यावर देवनागरी यायची. नुसती देवनागरी नाही. गुजराती, तमिळ, बंगाली, सगळ्यांसाठी एकच बटणांची मांडणी. आज तलाठ्याकडचा उतारा मराठीत छापून येतो, आपली लेखापाल ताई गटाचा ठराव मोबाईलवर मराठीत लिहिते, याची मुळं तिथपर्यंत जातात. इंग्रजी येत नाही म्हणून यंत्रापासून लांब राहायचं, ही सक्ती त्या कामाने सैल केली. पूर्ण गेली नाही, सैल झाली.

हे सगळं झाल्यावर भटकरांनी काय केलं? त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर एखादी कंपनी काढून बसला असता, आणि त्यात गैर काही नाही. ते शिक्षणाकडे वळले. 'एज्युकेशन टू होम', म्हणजे शिक्षण घरापर्यंत, अशी कल्पना घेऊन एक प्रयोगशाळा काढली. पुण्याजवळ हिंजवडीला माहिती तंत्रज्ञानाची संस्था उभी केली. ज्या दिल्ली आयआयटीतून १९७२ ला पीएच.डी. घेतली, तिच्याच नियामक मंडळाचे २०१२ ते २०१७ अध्यक्ष होते. मोठ्या शिक्षणसंस्थांनी आसपासची गावं दत्तक घ्यावीत, तिथलं पाणी, शेती, ऊर्जा यांचे प्रश्न विद्यार्थ्यांनी हाती घ्यावेत, असं 'उन्नत भारत अभियान' २०१४ ला सुरू झालं. त्याच्या राष्ट्रीय समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं. आपल्या तालुक्यातलं एखादं कॉलेज यात आहे का, असेल तर त्यांनी कोणती गावं घेतली, हे विचारायला हरकत नाही. मी तर म्हणते ग्रामसभेत विचारा.

आणि जानेवारी २०१७ मध्ये ते नालंदा विद्यापीठाचे कुलपती झाले.

नालंदा बिहारमध्ये, राजगीरजवळ. पाचव्या शतकापासून बाराव्यापर्यंत तिथे जगातलं एक मोठं विद्यापीठ होतं. चीनमधून ह्युएन त्संग चालत तिथे शिकायला आला होता. ते उद्ध्वस्त झालं. मग २०१० मध्ये संसदेने कायदा करून नव्या नालंदाची स्थापना केली, २०१४ ला वर्ग भरले. पहिले कुलपती अमर्त्य सेन, नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ. त्यांच्यानंतर सिंगापूरचे जॉर्ज यो. सरकारने विद्यापीठाचं मंडळ बदललं तेव्हा यो यांनी नोव्हेंबर २०१६ ला पद सोडलं, त्यावर बराच वाद झाला, आणि त्यानंतर भटकर आले. या वादात मी शिरत नाही, पण झाला होता हे सांगते. नाहीतर मोठ्या माणसाची गोष्ट म्हणजे नुसत्या हारतुऱ्यांची यादी होते.

इथे एक गोष्ट समजून घ्या. कुलपती आणि कुलगुरू हे वेगळे. आपल्या जळगावच्या विद्यापीठाचे कुलपती राज्यपाल असतात, पण रोजचा कारभार कुलगुरू बघतात. नालंदातही तसंच. भटकर कुलपती असताना बहुतेक काळ कुलगुरू होत्या सुनयना सिंह, इंग्रजी साहित्याच्या प्राध्यापक, आधी हैदराबादच्या विद्यापीठाच्या कुलगुरू राहिलेल्या. म्हणजे रोजचं घर एक बाई चालवत होती. त्या काळात तिथल्या ४५५ एकर आवाराचं बांधकाम चाललं होतं. पावसाचं पाणी तळ्यांत साठवायचं, आपली वीज आपण करायची, असा त्याचा आराखडा. जून २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. त्याआधीच, २०२३ मध्ये, भटकरांनंतर अरविंद पानगढिया कुलपती झाले होते. गटातसुद्धा बघा, अध्यक्षाचं नाव फलकावर असतं आणि दप्तर कोण लिहितं ते सगळ्यांना माहीत असतं. श्रेय देताना दोन्ही नावं घ्यावीत.

भटकरांना १९९९ चा महाराष्ट्रभूषण, २००० ला पद्मश्री, २०१५ ला पद्मभूषण मिळाला. हे सांगून मी इथे थांबले असते तर तुम्ही म्हणाला असतात, छान, हुशार माणूस होता, गेला पुढे. आमच्या पोरीचं काय?

त्यासाठी दुसऱ्या एका संगणकशास्त्रज्ञाचं सांगते. ही बाई आहे. मारिया क्लावे. जन्म १९५१, कॅनडातल्या टोरांटोचा. गणितात पीएच.डी., मग संगणकाकडे वळली, आयबीएम कंपनीत संशोधन केलं, मग विद्यापीठांत विभागप्रमुख, अधिष्ठाता. २००६ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या हार्वे मड नावाच्या कॉलेजची अध्यक्ष झाली. त्या कॉलेजची पहिली स्त्री अध्यक्ष. २०२३ पर्यंत राहिली. कॉलेज लहान, विज्ञान-अभियांत्रिकीचं, नावाजलेलं.

तिथे संगणकशास्त्र घेणाऱ्या दहा विद्यार्थ्यांत जेमतेम एक मुलगी असायची. श्रीमंत देश, घरोघरी संगणक, आणि दहात एक. पाच-सहा वर्षांत ते दहात चारवर आलं. २०१६ ला तर पदवी घेणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुली होत्या. काय केलं असेल? मुलींसाठी राखीव जागा ठेवल्या नाहीत. अभ्यास सोपा करून मार्क वाटले नाहीत. तिथल्या प्राध्यापकांनी पहिला धडा बदलला, आणि क्लावेने त्यांच्या पाठीशी उभं राहून तो टिकवला, वाढवला.

त्यांना दिसलं होतं की पहिल्याच वर्गात काही मुलं लहानपणापासून संगणकाशी खेळून आलेली असतात. ती भराभर उत्तरं देतात, अवघड अवघड शब्द टाकतात. ज्यांनी कधी हात लावलेला नाही ती मुलगी गप्प बसते, आणि महिन्याभरात ठरवते की हे आपलं काम नाही. खरंतर ती मागे नसते, ती फक्त नंतर आलेली असते. मग त्यांनी दोन वर्ग केले. आधी येणाऱ्यांचा एक, अजिबात न येणाऱ्यांचा एक. शिकवायची संगणकाची भाषाही जास्त सोपी घेतली, पायथॉन नावाची. नुसती आकडेमोड न करता खरे प्रश्न सोडवायला दिले. वर्गात सतत बोलणारा कोणी असला तर प्राध्यापक त्याला बाजूला घेऊन गोडीत सांगायचे, तुझ्याशी बोलायला मला आवडतं, पण ते आपण वर्गानंतर बोलू. आणि पहिल्या वर्षाच्या मुलींना संगणकक्षेत्रातल्या स्त्रियांच्या मोठ्या मेळाव्याला घेऊन जायचे. हजारो बायका हेच काम करतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की सांगावं लागत नाही.

आपल्या गटाच्या बैठकीत ही बोलणारी मुलं आपल्याला रोज भेटतात की नाही? नाव घेत नाही, हसू नका.

आता पाचोऱ्याकडे येते. आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी बारावी विज्ञान झाली. तिला संगणकाची पदवी करायची होती. सुट्टीत एका क्लासला घातलं. पहिल्या दिवशी मास्तरांनी विचारलं, घरी लॅपटॉप कोणाकोणाकडे आहे? सात-आठ हात वर गेले, ते पुढच्या बाकांवर बसले. हिने माऊस पहिल्यांदा धरला होता. चौथ्या दिवशी घरी येऊन म्हणाली, मला नाही जायचं. आई माझ्याकडे आल्या. "हाई तिना डोकामा बसत नही, ताई. शिवणकाम शिकाडू का?" शिवणकामाला मी कमी लेखत नाही. आमच्या किती ताया मशीनवर घर चालवतात. पण ज्या मुलीला भौतिकशास्त्रात त्र्याऐंशी मार्क आहेत तिचं डोकं चौथ्या दिवशी कसं काय बंद पडलं?

आम्ही गटात विषय घेतला. शोधल्यावर गल्लीतल्या आणि शेजारच्या वस्तीतल्या अशाच आणखी पाचजणी निघाल्या, सगळ्या संगणकाला हात न लावलेल्या. सहाजणी मिळून मास्तरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, आमची वेगळी बॅच करा, अगदी सुरुवातीपासून. सहा जणींची फी एकदम येते म्हटल्यावर मास्तर तयार झाले. सकाळी साडेसातची वेळ ठरली, क्लासला तेव्हा गर्दी नसते, एकेकीला एकेक यंत्र मिळालं. तेव्हा मला हार्वे मड माहीत नव्हतं. नंतर वाचलं तेव्हा वाटलं, अरे, हे तर आपण केलंय. त्या सहापैकी दोघी पुढे संगणकाच्या पदवीला गेल्या. एक परिचारिका होणार आहे. एकीचं लग्न झालं. दोघी एमएस-सीआयटी करून इथेच कामाला आहेत, एक तर आता ऑनलाइन अर्ज भरून देते, आणि रांगेत तिच्यापुढे तिचे तेव्हाचे पुढच्या बाकावरचे सोबती उभे असतात. सगळ्या सहाच्या सहा संगणक अभियंत्या व्हायला हव्यात असं माझं म्हणणं नाही.

लांबचं कॉलेज परवडत नाही, पाठवायची हिंमत नाही, हे मला माहीत आहे. पण आपल्या दारातही विद्यापीठ आहे. १९९० पर्यंत खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. एखाद्या दाखल्यासाठी पुण्याची वारी. १५ ऑगस्ट १९९० ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, आणि २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. अक्षरओळख नसलेल्या शेतकरी बाईच्या नावाचं विद्यापीठ, आणि त्यात संगणकशास्त्राची प्रशाळा आहे. माझी आजी अंगठा द्यायची. तिला हे कळलं असतं तर तिने नक्की विचारलं असतं, मग बहिणाबाईला का नाही शिकवलं कोणी? ज्यांना घर सोडता येत नाही त्यांना नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून. सुनांनो, हे तुमच्यासाठी पण आहे.

पैशाचं सांगते. २०२४-२५ पासून राज्य सरकारने मुलींसाठी अभियांत्रिकी, औषधनिर्माण अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. आधी निम्मं माफ होतं. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून हवा. इतर मागास वर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांतल्या मुलींना हे लागू आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्तीच्या वेगळ्या योजना आहेत. कोणी म्हणालं, मॅनेजमेंटच्या जागेवर देतो, फॉर्म भरा, तर आधी विचारा की त्या जागेला ही माफी मिळते का. नाही मिळत.

मात्र फी माफ झाली तरी बस, खोली, मेस, पुस्तकं हे उरतंच. खरी अडचण तिथेच येते, आणि तिथे गट कामाला येतो. आपल्या कर्जाच्या रजिस्टरमध्ये 'कारण' म्हणून एक रकाना आहे. मी ज्या गटांची दप्तरं बघते त्यांत त्या रकान्यात शेती, म्हैस, आजारपण, लग्न, घरदुरुस्ती हे शब्द पानोपानी दिसतात. शिक्षण लिहिलेलं दिसलं की मी विचारते, कोणाचं? बहुतेक वेळा मुलाचं. गटाचं अंतर्गत कर्ज मुलीच्या शिक्षणासाठी देऊ नये असा कुठलाही नियम नाही. ठराव आपणच करतो, व्याज आपणच ठरवतो. काही गटांनी मुलींच्या शिक्षणासाठी हप्ता पेरणीच्या महिन्यात न घेता कापूस विकल्यावर घ्यायचं ठरवलंय. तुमच्या पुढच्या बैठकीत विषय ठेवा.

आणि कागदपत्रं आत्ताच काढा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअरचा. निकालानंतर सेतूवर गर्दी होते आणि दाखल्याला दिवस लागतात. मुलीचं नाव आधारवर आणि मार्कशीटवर एकसारखं आहे का ते बघा. आपल्याकडे कुठे 'बाई' लागलेलं असतं, कुठे नसतं, आणि अर्ज तिथेच अडकतो. बँकेचं खातं मुलीच्या स्वतःच्या नावावर हवं, आधारला जोडलेलं. ज्यांना फॉर्म भरता येत नाही त्यांनी गुरुवारी बैठकीला येताना सगळे मूळ कागद आणि दोन-दोन झेरॉक्स घेऊन या, आणि मुलीलाही बरोबर आणा. फॉर्म तिनेच भरायचा आहे, आपण बाजूला बसायचं.